राजा मधोमध

फेब्रुवारी संपत आला की मला फ्लेक्सचा वास येतो. खरं तर नागपुरात या दिवसांत चांगले वास पुष्कळ असतात. काटोलकडून आलेल्या गाड्यांतून उतरणाऱ्या संत्र्यांचा असतो. कूलरमध्ये नवा वाळा भरला की त्यावर पडलेल्या पहिल्या पाण्याचा असतो. दिवसभर तापून संध्याकाळी निवत जाणाऱ्या गच्चीचाही असतो. हे सगळे मला ठाऊक आहेत, आवडतातही. तरी नाकात आधी शिरतो तो छपाईच्या शाईचा आणि गरम प्लास्टिकचा वास, घशात जाऊन बसणारा. परीक्षेआधीचे हे दिवस शाळांत प्रकल्प जमा करण्याचे. सकाळी कंपनीच्या बससाठी मी चौकात उभा असतो तेव्हा समोरून मुलं शाळेत जातात आणि त्यांच्या काखेत गुंडाळ्या असतात. परवा मी मोजलं. वीस मिनिटांत चौतीस मुलं गेली. एकवीस जणांकडे गुंडाळी होती आणि त्या एकवीसपैकी कागदाच्या फक्त तीन. बाकी सगळं फ्लेक्स.

मोजायची सवय नोकरीची. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मी तपासणी विभागात आहे, बावीस वर्षं झाली. खालून उजेड असलेल्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि आम्ही त्यातले दोष शोधतो. तुटलेला धागा, तेलाचा डाग, रंगात पडलेला फरक. प्रत्येक दोषाला गुण द्यायचे. आमच्याकडे गुण जितके जास्त तितकं कापड वाईट. हे मी एकदा घरी जेवताना सांगितलं तेव्हा माझी मोठी मुलगी पूर्वा म्हणाली होती, "म्हणजे बाबा, मी तुमच्या कंपनीत पहिली आली असती, तर तुम्ही मले भंगारात टाकलं असतं." आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

ती नववीत होती तो मोसम मला सोडत नाही. चार वर्षं झाली त्याला. त्या वर्षी थंडी लवकर गेली आणि पळस वेळेआधी फुलला. बसच्या खिडकीतून बुटीबोरीपर्यंत मधूनमधून पेटलेली झाडं दिसत. माणसाचं मन प्रसन्न असावं असे ते दिवस होते आणि माझं होतंही. त्याच प्रसन्नपणात मी जे केलं त्याची मला आजही किळस येते.

पूर्वाच्या मराठीच्या पुस्तकात एका जुन्या आख्यानाचा उतारा होता. कवीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्यासारख्यांच्या हातून त्याची बदनामी पुरेशी झाली आहे. बेचाळीस ओव्या. दुष्काळाचं साल आहे. गावाच्या शिवेवर एका डोळ्यानं अधू असलेली एक विधवा बाई पाणपोई चालवते. वाटसरू रांगेत उभे राहतात आणि ती प्रत्येकाला ओंजळभर पाणी देते. शिकारीत वाट चुकलेला राजा तिथे येतो, आपण कोण ते सांगतो. बाई मान वर न करता म्हणते, रांग तिकडे आहे. राजा शेवटी जाऊन उभा राहतो. थोड्या वेळानं त्याच्या मागे एक शेळी येऊन उभी राहते. त्याची पाळी येते तेव्हा रांजणात तळाचं गढूळ पाणी उरलेलं असतं, आणि बाई त्याला अर्धीच ओंजळ देते, कारण मागे शेळी आहे. संपलं आख्यान. बाईचा जयजयकार नाही, राजाला पश्चात्ताप वगैरे काही नाही.

शाळेच्या मराठीच्या गजभिये मॅडमनी ठरवलं की या वर्षी प्रश्नोत्तरांची वही लिहून घ्यायची नाही. प्रत्येकानं या आख्यानाचं एक भित्तिचित्र करायचं. पालकसभेत त्या उभ्या राहून बोलल्या ते मला चांगलं आठवतं. त्यांचा आवाज बारीक होता आणि वरचा पंखा कुरकुरत होता. "मला सुंदर चित्र नको आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय मोठं काढता, काय लहान काढता, काय कोपऱ्यात ठेवता आणि काय सोडून देता, एवढंच मला बघायचं आहे. तेच वाचन. ज्यानं कविता वाचली नाही त्याला हे ठरवताच येणार नाही."

किती सरळ गोष्ट होती. मी स्वतः कुही गावच्या शाळेत शिकलो. आमच्या गुरुजींनी एकदा फळ्यावर एक आडवी रेघ ओढली, खडू ठेवला आणि कविता म्हणायला लागले. ती रेघ आधी नदी होती, मग नदीपलीकडची वाट झाली, शेवटी घरी न परतलेल्या माणसाचं रिकामं अंथरूण झाली. एवढ्या खडूत आम्ही तासभर गप्प बसलो होतो. म्हणजे मॅडमचं म्हणणं समजायला मला काही अडचण नव्हती. पण त्यांच्यानंतर मुख्याध्यापक उठले आणि त्यांनी गुणांचा तक्ता वाचला. मांडणी चार, रंगसंगती चार, सुबकपणा चार, जागेचा वापर चार, विषयाशी संबंध चार. एकूण वीस. मी खिशातली छोटी डायरी काढली. डायरीत तक्ता उतरला. मॅडमचं एकही वाक्य उतरलं नाही.

पूर्वानं आठ दिवस घेतले. चहाचं पाणी करून तिनं कागदभर मातीचा रंग फासला होता, त्यामुळे घरात थोडा कडवट वास राहिला. वर उजव्या कोपऱ्यात रांजण आणि कोपरापर्यंतचे दोन हात. बाईचा चेहरा नाही. तिथून खाली डाव्या कोपऱ्यापर्यंत पावलंच पावलं, पेन्सिलीनं काढलेली. भेगा पडलेली, जोडवी घातलेली, लहान मुलाची, बोटांवर उभी असलेली. सगळ्यांत शेवटी धुळीनं भरलेल्या मोजड्या आणि त्यांच्या मागे चार खूर. मधला सगळा कागद मोकळा. नुसती माती.

मी चष्मा लावून बघितलं. "सत्तावीस पावलं आहेत," मी म्हणालो. "विषम संख्या कशी वं आली? एक पाय विसरली तू."

"विसरली नाही बाबा. एक जण कुबडी घेऊन आहे. अकराव्या ओवीत आहे तो."

एरवी कोणी असा आकडा सांगितला तर मी तो पडताळून पाहतो. हिशेबात मी कोणावर विश्वास ठेवत नाही. पण ती कविता होती, कापड नव्हतं, म्हणून मी पुस्तक उघडलंच नाही. मी मोजपट्टी आणली आणि मोकळी जागा मोजली. अठ्ठावन्न टक्के. जागेच्या वापराचे चार गुण गेले, हे मला तिथेच दिसलं. रंग एकच, म्हणजे रंगसंगतीचेही गेले.

"मधी काही तरी टाक ना," मी म्हणालो. "एवढी जागा वाया जाऊन राहिली."

"तिथं पाणी नाही आहे बाबा. म्हणून काही नाही आहे."

"मार्क कटतात बेटा."

"कटू द्या," ती म्हणाली आणि कागद गुंडाळून कपाटावर ठेवून दिला.

जमा करायची तारीख सोमवार होती. रविवारी सकाळी माझी बायको सुनंदा दोन्ही मुलींना घेऊन काटोलला तिच्या भावाकडे बारशाला गेली. घर रिकामं. बाहेर ऊन चढत होतं, समोरच्या कडुनिंबाची पानं सारखी गळत होती, आणि मी कपाटाकडे बघत बसलो होतो. अकरा वाजता मी ती गुंडाळी काढली आणि मानेवाडा रोडवरच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो.

दुकानवाला पंकज तिशीतला, बोलायला गोड. त्यानं कागद काउंटरवर पसरला, कोपऱ्यांवर शाईचे डबे ठेवले आणि मान तिरपी केली. "हे काय आहे गा भाऊ? पायच पाय?"

"पाणपोई आहे. राजा येते पाणी प्यायले."

"मंग राजा कुठं आहे?"

मी मोजड्यांवर बोट ठेवलं.

"अरे बाप्पा! राजा असून नुसता जोडाच? थांबा, आपल्याकडे आहे राजा." कोणत्या तरी मिरवणुकीच्या फलकासाठी त्यानं एक राजा केला होता. मुकुट, मिशी, गुलाबी गाल. तो त्यानं मधोमध आणून बसवला. अठ्ठावन्न टक्क्यांचा प्रश्न एका क्षणात सुटला.

"मागून किरण टाकू?"

"टाका."

"बाई तरणी टाकून देऊ ना? म्हातारी नाही भेटत."

"चालेल."

"हे शेळी ठेवू का काढू?"

"जागा राहते का?"

"नाही राहत."

"मग काढा."

मी सरळ लिहितो. त्या दुपारी मला मजा आली. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कापडातले दोष दाखवले. पहिल्यांदाच माझ्या सांगण्यावरून पडद्यावर काही तरी तयार होत होतं. आकाश थोडं निळं करा म्हटलं की निळं होत होतं. राजाच्या डोक्यामागं जे तेज होतं तेच रस्त्यावरच्या प्रत्येक वाढदिवसाच्या फलकावर असतं, हे मला दिसत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. यंत्रातून चित्र इंच इंच बाहेर आलं, गरम, चकाकत. ते हातात घेऊन मी घरी निघालो. पूर्वाचा कागद काउंटरवरच राहिला. उद्या आणू, असं म्हटलं.

संध्याकाळी तिघी परत आल्या. पूर्वानं गुंडाळी सोडून जमिनीवर पसरली.

"किती चकाचक झालं बाई!" सुनंदा म्हणाली.

"शेळी कुठं गेली?" पूर्वानं विचारलं.

"जागा नव्हती वं."

"आणि राजा मधी काहून आहे? तो शेवटी उभा राहते बाबा."

"शेवटी ठेवला तर दिसते का कोणाले? तपासणाऱ्याले दिसलं पाहिजे ना. राजा आहे तो."

ती फ्लेक्स पुन्हा गुंडाळू लागली. मग म्हणाली, "तुम्ही वाचली का बाबा ती कविता?"

"वाचली ना," मी म्हणालो.

पगारी रजेच्या अर्जात खोटं आजारपण लिहायलाही माझा हात धजत नाही. आणि चौदा वर्षांच्या मुलीला मी डोळे न हलवता हे सांगितलं. वाचले होते ते फक्त उताऱ्याखालचे प्रश्न.

"माझा कागद द्या मग. मी तोच देतो," ती म्हणाली. रविवारी संध्याकाळी दुकान बंद होतं. सोमवारी सकाळी ती फ्लेक्स घेऊन गेली. मंगळवारी मी दुकानात गेलो तेव्हा कागद मिळाला, पण अर्धाच. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पंकजनं कोणाच्या तरी अभिनंदनाच्या फलकाची मापं लिहिली होती आणि उरलेला अर्धा कोणाची छपाई गुंडाळायला फाडून दिला होता. "कच्चं काम होतं ना ते भाऊ," तो म्हणाला. माझ्या हातात आली ती रांजणाची बाजू. रांगेचा शेवट गेला होता. तो तुकडा मी पूर्वाला दाखवला नाही. कुठे ठेवला तेही आता आठवत नाही.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात होतं. दारावर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचा फोटो असलेला फलक, आतल्या कोणत्याही चित्राहून मोठा. आत त्या उन्हाच्या दिवसात पत्र्याखाली एवढं प्लास्टिक टांगलेलं की डोकं दुखायला लागलं. मी सवयीनं मोजत गेलो. अठ्ठावन्न चित्रं. एकोणपन्नास चित्रांत राजा मधोमध. त्यांतल्या सोळांत तर राजा तोच, फक्त मुकुटाचा रंग बदललेला. एकाही चित्रात बाईचा डोळा अधू नव्हता. शेळ्या तीन, त्यांतली एक राजाच्या मांडीवर. दोघातिघांनी हातानं काढलेली वेडीवाकडी चित्रं होती, ती दाराच्या मागे लावली होती. अठ्ठावन्न मुलांना एक कविता वाचायला सांगितली होती आणि दोनतीन सोडून सगळ्या घरांनी मिळून ती पुसून टाकली होती. हे मला तेव्हा सुचलं असं म्हणणार नाही. तेव्हा मी फक्त आमच्या चित्राखालचा आकडा बघितला. वीसपैकी एकोणीस.

पाहुणे पुढे गेल्यावर गजभिये मॅडम पूर्वाच्या चित्रासमोर थांबल्या. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. या मॅडम वर्गातल्या चारपाच मुलांना मधल्या सुट्टीत स्वतःच्या कपाटातली पुस्तकं वाचायला देत, आणि पूर्वा त्यांतली एक. घरी ती आई-बापाचं नाव घेत नसे इतकं मॅडमचं नाव घेई. मॅडमनी कसं ओळखलं, मॅडम काय म्हणाल्या, मॅडमना मी हे सांगितलं.

"पूर्वा, राजा मधे का आहे?" मॅडमनी विचारलं.

पूर्वानं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी काही बोललो असतो का, हे मला सांगता येत नाही. ती राजाच्या मिशीकडे बघत होती.

"मी नीट वाचली नाही मॅडम," ती म्हणाली.

"तुझ्याकडून असं वाटलं नव्हतं गं," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे गेल्या.

बस, एवढंच. कोणी रडलं नाही, कोणी ओरडलं नाही. घरी येताना पूर्वानं उसाचा रस पिऊया का असं विचारलंसुद्धा. पण त्यानंतर मधल्या सुट्टीत ती मॅडमच्या कपाटाकडे गेली नाही. दहावीत गेली तरी नाही. एकदा सुनंदानं विचारलं, हल्ली पुस्तक नाही आणत वं तू? ती म्हणाली, ज्यांनी वाचलं त्यांनी मागावं ना.

मी काहीच केलं नाही असं नाही. आठवड्यानं मी शाळेच्या कार्यालयात गेलो. मला आमचे गुण कमी करून घ्यायचे होते. तिथले बाबू वहीतून मान वर करून म्हणाले, "वाढवायचे आहेत ना?"

"नाही, कमी."

"भाऊ, वाढवायचा अर्ज आहे आपल्याकडे. कमी करायचा अर्जच नाही आहे. आणि तब्येत बरी आहे ना तुमची?"

बाजूचे दोघं हसले. मीही हसलो. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी घरी आलो. मॅडमची खोली त्या कार्यालयापासून पंधरा पावलांवर होती.

आख्यान मी नंतर वाचलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत, रद्दी बांधताना. बेचाळीस ओव्यांत राजा चार ओव्यांत येतो, शेळी दोन ओव्यांत. अकराव्या ओवीत कुबडीवाला आहे. तो दूरच्या गावाहून आला आहे आणि त्याला पाण्याइतकीच टेकायला जागा हवी आहे, पण रांग सोडली तर नंबर जाईल म्हणून तो उभाच आहे. मी ते तिथेच जमिनीवर बसून तीनदा वाचलं. कूलरचं पाणी थेंब थेंब गळत होतं. पूर्वानं त्याचं एकटं पाऊल किती जोर देऊन काढलं होतं, पेन्सिलीचं टोक तिथे कागदात रुतलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

ती आता अमरावतीला बी.एस्सी. करते. विषय संख्याशास्त्र. नातेवाईक म्हणतात, बापावर गेली. चित्रं काढणं तिनं सोडलं असं नाही. सुट्टीत येते तेव्हा बॅगेत एक जाड वही असते. ती मला दाखवत नाही आणि मी मागत नाही.

या वर्षी धाकटी रेणू नववीत आहे. पुस्तक तेच, उतारा तोच, आणि गेल्या आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर तीच सूचना आली. रेणूनं ती वाचली आणि मोबाईल बाजूला ठेवून म्हणाली, "बाबा, ते मानेवाडा रोडच्या दुकानात तयार भेटते. सगळ्याच पोरी तिथूनच आणून राहिल्या."

मी तिला घेऊन गेलो. दुकान मोठं झालंय, यंत्रं दोन झालीत. पंकजनं मला ओळखलं. "अरे, या ना भाऊ! तुमचाच राजा आहे. दर साली निघून राहिला." त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. तोच गुलाबी गालांचा राजा, तीच तरणी बाई, माझ्या सांगण्यावरून निळं केलेलं आकाश. खाली मुलाचं नाव लिहायला पांढरी पट्टी. रेणू माझ्याकडे बघत होती.

"हे काढून टाका," मी म्हणालो. "चूक आहे ते."

"चूक?" पंकज खरंच चकित झाला. "काहून काढू गा भाऊ? चालून राहिलं ना. मागल्या साली तर पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनालेही वापरला. डोकं बदललं फक्त."

मी कापडाचे डाग पुष्कळ बघितले आहेत. जे डाग एका ताग्यावर पडतात ते कापून काढता येतात. यंत्राच्या रुळालाच काही चिकटलं असलं, तर तोच डाग ठरावीक अंतरानं मैलभर कापडावर उमटत जातो. आम्ही दुकानाबाहेर आलो. रेणूनं विचारलं, "मग मी काय काढू बाबा?" मी म्हणालो, "आधी वाच." ती म्हणाली, "अख्खी?"

शनिवारी पालकसभा झाली. तेच सभागृह, नवीन पंखे. गजभिये मॅडमचे केस पांढरे झाले आहेत. त्या बोलायला उभ्या राहिल्या नाहीत, मुख्याध्यापकांनीच तक्ता वाचला. कोणाला काही विचारायचं आहे का, असं त्यांनी म्हटलं आणि मी उभा राहिलो. मी रात्रभर विचार करून मुद्दे पाठ केले होते आणि त्याच क्रमानं बोललो. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या नावानं लागलेलं चित्र मी केलं होतं. कविता न वाचता केलं होतं. राजा मी मधोमध आणला, शेळी मी काढली, बाईचा डोळा मी बरा केला. मुलीनं स्वतः काढलेलं चित्र मी दुकानात सोडून आलो आणि ते फाडलं गेलं. त्या चित्राला एकोणीस गुण मिळाले, ते खोटे होते. आज तेच चित्र दुकानात तयार मिळतं, ते कोणी घेऊ नका. मुलांना वाचू द्या आणि वेडंवाकडं काढू द्या.

मी खाली बसलो.

मग मागून एक जण म्हणाला, "पण एकोणीस आले ना भाऊ? मंग बिघडलं काय?" सगळे हसले. माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "ते दुकान नेमकं कुठंशी आहे जी?" दोन ओळी पुढच्या माणसानं वहीत पत्ता लिहायला पेन काढून ठेवलं होतं.

मी मॅडमकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या आणि उठल्या होत्या. पण तेवढ्यात सभा संपली. सातआठ जणांनी त्यांना घेरलं. चित्राचा आकार केवढा हवा, फ्लेक्स चालेल की कागदच हवा, नाव वर लिहायचं की खाली. मी पाच मिनिटं थांबलो आणि निघून आलो. तरी पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं, हेही लिहिलं पाहिजे. घरी येताना मी दोन किलो संत्री घेतली.

संध्याकाळी पूर्वाचा फोन आला. "आईनं सांगितलं. तुम्ही सभेत बोलले म्हणे."

"हो."

"काय काय सांगितलं?"

मी पहिल्या मुद्द्यापासून शेवटच्यापर्यंत सांगितलं. तिच्या वसतिगृहात कोणी तरी बादली भरत होतं, त्या नळाचा आवाज येत होता.

"मॅडम काय म्हणाल्या?"

चार वर्षांत तिनं मॅडमचं नाव आमच्याकडे काढलं नव्हतं.

"बोलताच आलं नाही त्यांना. लोकांनी घेरलं होतं."

"अच्छा." मग तिनं विचारलं, "बाबा, मी ती वाचली होती, हे सांगितलं का?"

कापडात दोष सापडला की आम्ही तागा उलटा फिरवून पुन्हा पहिल्यापासून बघतो. तसं मी माझं सगळं बोलणं मनात उलटं फिरवलं. त्यात मी होतो. माझी चूक होती, माझा राजा होता, माझी लाज होती, दुकान होतं, गुण होते. मी न वाचल्याचं मी भर सभेत सांगितलं होतं. तिनं वाचल्याचं कुठेही सांगितलं नव्हतं. मॅडमसमोर ती जे बोलली होती ते तिथेच, तसंच उभं होतं.

"नाही," मी म्हणालो. "ते राहून गेलं."

"ठीक आहे," ती म्हणाली. "रेणूले द्या फोन."

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, मुलीचं शाळेतलं काम. साडेदहाला शाळेत पोचलो, या वेळी कार्यालयाकडे वळलो नाही. गजभिये मॅडम शिक्षकांच्या खोलीत एकट्याच होत्या, टेबलावर वह्यांचा गठ्ठा. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "पूर्वानं ती कविता पूर्ण वाचली होती. आमच्या घरात तेव्हा ती वाचलेली एकटी पूर्वाच होती."